नजर तपासली, पडदा कोण तपासणार?

भिवंडी तालुक्यातील वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांची ओळख आता गोदामांमुळे आहे. जिथे भातशेती होती तिथे पत्र्याच्या उंच शेड उभ्या राहिल्या. मुंबई-ठाण्यातील घरांत पोहोचणारे कपडे, औषधे, मोबाइल, किराणा यांतले बरेचसे सामान आधी या पट्ट्यातल्या गोदामात उतरते, मोजले जाते, पुन्हा भरले जाते. हे काम करणाऱ्यांत ट्रक-टेम्पोचे चालक आहेत, फोर्कलिफ्ट चालवणारे आहेत, खोक्यावरचा क्रमांक वाचून माल लावणारे आहेत आणि पावत्या ताडून पाहणारे कारकून आहेत. शेजारच्या भिवंडी शहरात यंत्रमागावर उभा असलेला कामगार तुटलेला धागा डोळ्यांनीच शोधतो. यांतल्या प्रत्येकाची रोजीरोटी नजरेवर चालते. त्यामुळे या कष्टकऱ्यांचे डोळे कसे तपासले जातात, हा प्रश्न वैद्यकाइतकाच पोटापाण्याचाही आहे.

तपासले जातात, ते साधारण असे. वाहतूक परवान्यासाठी चालकाला नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला लागतो. त्यात दूरचे दिसते का, रंग ओळखता येतात का, हे पाहिले जाते. गावात नेत्रशिबीर लागले की मोतीबिंदू आहे का आणि चष्मा लागतो का, हे तपासले जाते. दोन्ही ठिकाणी मुख्य साधन एकच असते, ते म्हणजे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. हा तक्ता नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो उपयोगी आहे, कारण तो स्वस्त आहे आणि कुठेही टांगता येतो. पण तो फक्त एका प्रश्नाचे उत्तर देतो: या माणसाला आज किती दिसते? डोळ्याच्या आत काय चालले आहे, हे तो सांगत नाही.

इथेच गफलत होते. नजर चांगली असणे आणि डोळा निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या, तरी बराच काळ माणूस तक्त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचतो. काचबिंदूत नजर कडेने कमी होत जाते आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून रुग्णाला काही कळतच नाही. ज्या दिवशी कळते त्या दिवशी गमावलेले परत मिळवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. 'नजर ठीक आहे' असा शेरा मिळालेला चालक त्यामुळे निर्धास्त होतो आणि तो निर्धास्तपणाच घात करतो.

पारदर्शक पडद्याची अडचण

ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो, तो सिनेमाच्या पडद्यासारखा साधा, एकपदरी नसतो. रेटिना म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला एक तुकडा होय. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते, पण तेवढ्यात दहा थर ओळखले जातात. सर्वांत आतल्या बाजूला चेतातंतूंचा थर असतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दहा लाखांहून अधिक तारांची ही जुडी. त्याखाली त्या तंतूंच्या पेशी, मग निरोप इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या मधल्या पेशी आणि सर्वांत मागे प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. अंधूक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी सुमारे साठ लाख. त्यांच्याही मागे, त्यांना पोसणारा रंगद्रव्य पेशींचा थर असतो.

म्हणजे प्रकाशाला आधी सगळे थर ओलांडून मग प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचावे लागते. हे थर पारदर्शक आहेत म्हणूनच आपल्याला दिसते. आणि नेमक्या याच पारदर्शकतेमुळे डॉक्टरांना ते थर दिसत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास डोळ्यात डोकावण्याचे साधन शोधले, तेव्हापासून पडद्याचा लालसर पृष्ठभाग, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि डोळ्याच्या नसेचे तोंड पाहता येऊ लागले. रक्तस्राव झाला असेल तर डाग दिसतो, चरबी साठली असेल तर पिवळे ठिपके दिसतात. पण हे दिसते वरून, जसे विमानातून गाव दिसते. कोणत्या थरात सूज आहे, पाणी किती खोल साठले आहे, कोणता थर झिजला आहे, हे वरून कळत नाही. थर पाहायचे तर काढलेल्या डोळ्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणे एवढाच मार्ग होता. जिवंत माणसाच्या डोळ्यात तो बंदच होता.

प्रकाशाची सोनोग्राफी

हा मार्ग १९९१ मध्ये उघडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एका गटाने शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात एमआयटीतील प्राध्यापक जेम्स फुजिमोटो, त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी डेव्हिड हुआंग, प्रकाशाद्वारे उपग्रहांमधील संदेशवहनावर काम करणारे अभियंता एरिक स्वॉन्सन आणि नेत्रतज्ज्ञ कारमेन पुलियाफितो व जोएल शुमन यांचा समावेश होता. तंत्राला नाव दिले गेले ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी, म्हणजेच आज दवाखान्यांत बोलले जाते ते 'ओसीटी'. पहिली चित्रे काढून ठेवलेल्या रेटिनाची आणि हृदयाच्या रक्तवाहिनीची होती. जिवंत माणसाच्या रेटिनाची चित्रे १९९३ मध्ये आली. याच दिशेने व्हिएन्नात अॅडॉल्फ फेर्शर यांचेही महत्त्वाचे काम झाले होते. दवाखान्यात वापरण्याजोगे यंत्र १९९६ मध्ये बाजारात आले. फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

कल्पना समजायला कठीण नाही. सोनोग्राफीत ध्वनी आत पाठवतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला यावरून अवयव किती खोल आहे ते ठरवतात. ओसीटीत ध्वनीच्या जागी प्रकाश असतो. डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा, लाल रंगापलीकडचा मंद प्रकाश डोळ्यात सोडतात. प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा भाग परततो. अडचण एवढीच की प्रकाश फार वेगवान असतो. ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. प्रकाश हवेत तीन लाख किलोमीटर. रेटिनाचे थर वेगळे दिसायचे तर दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतके अंतर मोजता यायला हवे. तेवढे अंतर कापायला प्रकाशाला लागणारा वेळ असा: एका सेकंदाचे अब्ज भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा तीस हजार भाग करावेत, त्यातला एक. इतका वेळ मोजणारे घड्याळ अस्तित्वात नाही.

म्हणून वेळ मोजण्याऐवजी दोन प्रकाशांची गाठ घालून दिली गेली. एकाच दिव्याचा प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा: एक डोळ्याकडे, दुसरा आरशाकडे. दोन्ही परतल्यावर पुन्हा एकत्र करायचे. दोघांनी कापलेले अंतर अगदी सारखे असेल, तरच त्यांच्या लाटा जुळतात आणि त्या जुळण्याची खूण यंत्राला मिळते. आरशाचे अंतर माहीत असते, त्यावरून थराचे अंतर कळते. प्रकाशाच्या लाटा अशा जुळवण्याचे मूळ तंत्र एकोणिसाव्या शतकातले, अल्बर्ट मायकेलसन यांचे. ओसीटीचे वैशिष्ट्य असे की त्यात मुद्दाम अनेक तरंगलांबी मिसळलेला प्रकाश वापरतात. प्रकाश जितका मिश्र, तितके अंतर जुळण्याबाबत तो काटेकोर आणि तितके चित्र बारीक.

सुरुवातीच्या यंत्रांत आरसा पुढेमागे सरकवावा लागे. त्या पिढीतील शेवटचे, सर्वाधिक चाललेले यंत्र सेकंदाला खोलीच्या चारशे रेषा टिपत असे आणि त्याचा बारकावा सुमारे दहा मायक्रॉन होता. पुढे आरसा स्थिर ठेवून, परतलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून एकाच वेळी सगळ्या खोलीची माहिती काढण्याची युक्ती आली. त्यामुळे वेग सेकंदाला वीस हजार रेषांच्याही पुढे गेला आणि बारकावा पाच ते सात मायक्रॉनपर्यंत आला. प्रयोगशाळांतील खास यंत्रे तीन मायक्रॉनच्या आसपास पोहोचली आहेत. माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉनच्या घरात असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ उमगतो. भारतातही इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ओसीटीची उपकरणे घडवून त्यांवर संशोधन झाले आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ही तपासणी अगदी साधी आहे. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे पाहायचे, काही सेकंद पापणी मिटायची नाही. सुई नाही, शिरेतून रंग सोडणे नाही, डोळ्याला स्पर्श नाही. बहुतेकदा बाहुली मोठी करणारे थेंबही लागत नाहीत. म्हणजे तपासणी करून चालक लगेच कामावर जाऊ शकतो. रोजंदारीवर असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

त्या चित्रात काय दिसते

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह झालेल्यांपैकी किती जणांच्या पडद्याला इजा झालेली असते? देशातील दहा राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे साडेबारा टक्के निघाले. चार टक्के लोकांची नजर जाण्याचा धोका होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आदित्य ज्योत रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत मधुमेहींपैकी सुमारे पंधरा टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या. हे लोक शोधून काढलेले होते. त्रास होतो म्हणून स्वतःहून आलेले नव्हते.

मधुमेहात नजर जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे मध्यभागाच्या ज्या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात, त्या पीतबिंदूत गळक्या रक्तवाहिन्यांतून पाणी साठते. ओसीटीच्या आडव्या चित्रात हे पाणी थरांमधल्या काळ्या पोकळ्यांसारखे स्पष्ट दिसते. जाडी किती वाढली, हे मायक्रॉनमध्ये मोजता येते. डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी सूज उतरली का, पुढचे इंजेक्शन केव्हा द्यायचे, हे आज बहुतेक ठिकाणी याच मोजमापावरून ठरते. ही औषधे महाग होती. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचे देशी जैवसमरूप औषध आले आणि बेव्हॅसिझुमॅबचा स्वस्त पर्यायही नेत्रतज्ज्ञ वापरतात. म्हणजे सूज वेळेत सापडली तर करण्यासारखे बरेच काही आहे.

काचबिंदूत उलटे होते. तिथे सूज येत नाही, झीज होते. चेतातंतूंचा थर पातळ होत जातो. नजरेच्या कडांची तपासणी बिघडलेली दिसेपर्यंत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पेशी गेलेल्या असू शकतात, असे अभ्यासांत आढळले आहे. ओसीटी हा थर डोळ्याच्या नसेभोवती मोजते आणि दरवर्षीच्या आकड्यांची तुलना करू देते. तीस ते पन्नास वयाच्या पुरुषांत जास्त दिसणारा एक विकारही त्यात लगेच ओळखू येतो. त्यात पडद्याखाली पाण्याचा फुगा येतो आणि समोरची वस्तू मधोमध अंधूक किंवा वाकडी दिसते. स्टेरॉइडच्या वापराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. अंगदुखीवर कुणीही दिलेल्या गोळ्या आणि पुड्या बिनदिक्कत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याशिवाय पीतबिंदूला पडलेले छिद्र, वयानुसार होणारी पीतबिंदूची झीज, रक्तवाहिनी तुंबल्याने आलेली सूज, ही सगळी निदाने या चित्राने सोपी केली.

म्हणून सर्वांचीच ओसीटी करायची?

इतके सगळे वाचल्यावर साहजिकच वाटेल की मग प्रत्येकाची ओसीटी करून टाकावी. तसे करणे चुकीचे ठरेल आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण, हे यंत्र पडद्याचा मधला भाग आणि नसेचे तोंड बारकाईने पाहते. कडेचा पडदा त्याच्या नेहमीच्या चित्रात येत नाही. मधुमेहात नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या मध्यभागापासून दूरही फुटतात. मध्याचे चित्र स्वच्छ आहे म्हणून पडदा स्वच्छ आहे असे होत नाही. दुसरे कारण, मोतीबिंदू पिकलेला असेल किंवा डोळ्यात रक्त उतरलेले असेल तर प्रकाश आतच जात नाही आणि चित्र फसते. तिसरे कारण रंगांचे. यंत्र रुग्णाच्या थराची जाडी आपल्या संग्रहातील निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडते आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग छापते. पण जास्त उणे नंबरचा चष्मा असलेल्यांचा थर मुळातच पातळ मोजला जातो. त्यांच्या कागदावर लाल रंग उमटतो आणि काचबिंदू नसताना माणूस धास्तावतो. उलट, खराखुरा आजार सुरू असूनही काही जणांचा कागद हिरवा राहतो. कागदावरचा रंग हे निदान नव्हे. डोळ्याचा दाब, नसेचे तोंड, नजरेच्या कडा आणि घरातील आजाराचा इतिहास पाहून डॉक्टरच निदान करतो.

चौथे कारण पैशाचे आहे. खासगी ठिकाणी एका तपासणीचा खर्च अनेकदा कष्टकऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक असतो. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या, मधुमेह नसलेल्या तरुणाला नेमाने ओसीटी सांगितली जात असेल तर तो यंत्राचा हप्ता फेडण्याचा मार्ग असतो, आरोग्यसेवा नव्हे. गरज नसलेल्यांची तपासणी आणि गरज असलेल्यांना ती न मिळणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच वेळी घडू शकतात.

मग चाळणी कशाने लावायची? त्याचे उत्तर अनुभवाने मिळालेले आहे: पडद्याच्या साध्या फोटोने. इंग्लंड आणि वेल्समध्ये मधुमेहींच्या पडद्याचे फोटो सरकारी खर्चाने नियमित काढण्याची पद्धत देशभर लागू झाली. त्यानंतर २००९-१० च्या नोंदींत तिथे कामकरी वयातील अंधत्वाच्या कारणांत मधुमेही पडदाविकार पहिल्या क्रमांकावर नव्हता. निदान पन्नास वर्षांत असे प्रथमच घडले. हे यश कोणत्या एका सूक्ष्म यंत्राचे नव्हते. नाव नोंदवणे, पत्र पाठवणे, फोटो काढणे, तो तपासणे आणि दोष दिसला तर पुढे पाठवणे, ही साखळी न तुटू दिल्याचे ते फळ होते.

मुंबईतही याची चुणूक दिसली आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढून, इंटरनेट नसतानाही चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ते तपासण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे पाठवण्याची गरज असलेले रुग्ण ओळखण्यात ती प्रणाली चांगलीच उतरली. फोटो काढायला नेत्रतज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षण घेतलेला आरोग्य कर्मचारी पुरतो. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयाबरोबर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ओसीटीची चित्रे वाचून रुग्णाला किती तातडीने पाठवावे हे संगणकाने तज्ज्ञांच्या तोडीने सांगितले होते. म्हणजे पहिल्या टप्प्यावर फोटो, दुसऱ्यावर ओसीटी आणि दोन्हीकडे वाचायला मदतनीस, हे चित्र आता स्वप्नातले राहिलेले नाही.

तुटलेला धागा

खरी अडचण यंत्रांच्या बारकाव्यात नाही. तीन मायक्रॉनचा थर वेगळा दाखवणारे तंत्र जगात आहे. वळच्या गोदामातून त्या यंत्रापर्यंतचे काही किलोमीटर मात्र कापले जात नाहीत. मधुमेह आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक असलेल्यांना साखर डोळ्यात उतरते, हे कुणी सांगितलेले नसते. सांगितले तरी त्रास नाही तर सुट्टी का घ्यायची, हा प्रश्न असतो, कारण कंत्राटी कामात खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा गेला. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार वर्षभरात दोनदा मालक आणि तीनदा खोली बदलतो. त्याचा कागद कुठल्याच दवाखान्यात सापडत नाही. एवढे होऊनही तो ठाण्याला किंवा मुंबईला पोहोचला, तर महिन्याने पुन्हा बोलावतात. डोळ्यातल्या इंजेक्शनांचा उपचार एका भेटीत संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणूस गळतो.

त्यामुळे काय करायला हवे, हेही या गळतीच्या जागांवरूनच ठरते.

आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत तिशीपुढील लोकांची साखर आणि रक्तदाब मोजण्याचे काम चालते. आशा सेविका घरोघर जाऊन नोंदी करतात. साखर जास्त निघालेल्या प्रत्येकाच्या पडद्याचा फोटो त्याच साखळीत जोडला पाहिजे. कॅमेरा प्रत्येक उपकेंद्राला हवाच असे नाही. ठरलेल्या वारी तो गावोगाव फिरवता येतो. गोदामांच्या पट्ट्यात मात्र तो सकाळी अकरा वाजता गावातल्या चावडीवर नेऊन उपयोग नाही. पाळी सुटण्याच्या वेळी गोदामांच्या फाटकावर गेला, तरच ज्यांना गरज आहे ते भेटतील.

दुसरे, तालुक्याच्या पातळीवरील सरकारी रुग्णालयात ओसीटी चालू स्थितीत असली पाहिजे. 'चालू स्थितीत' या शब्दांवर भर आहे. यंत्र खरेदी होते, फीत कापली जाते आणि तंत्रज्ञाचे पद रिकामे राहते, हा प्रकार सरकारी आरोग्यव्यवस्थेला नवा नाही. यंत्रासोबत ते चालवणारा माणूस, देखभालीचा करार आणि चित्र वाचून दोन दिवसांत उत्तर देणारा नेत्रतज्ज्ञ यांची तरतूद नसेल तर यंत्र न घेतलेले बरे. डोळ्यातली इंजेक्शने आणि लेझरचा उपचारही शक्यतो तिथेच मिळाला पाहिजे. वेळेत केलेल्या लेझरने नजर गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७० च्या दशकातच दाखवून दिले आहे. आजार शोधून उपचार न देणे हे रुग्णाला फक्त काळजी देण्यासारखे आहे.

तिसरी जबाबदारी या पट्ट्यातून नफा कमावणाऱ्यांची. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी कामगार राज्य विमा योजना आहे; पण कंत्राटदाराच्या वहीत नावच नसेल तर योजना कागदावर राहते. गोदाम चालवणाऱ्या कंपन्यांनी चालक आणि फोर्कलिफ्ट कामगारांच्या वार्षिक तपासणीत साखर आणि पडद्याचा फोटो घालावा. त्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि दोष निघाला म्हणून कामावरून काढू नये. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. तपासणी म्हणजे नोकरीवर गंडांतर, असा समज एकदा पसरला की कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्याच्यासमोर कुणी हनुवटी टेकवणार नाही.

चालकांच्या परवान्याचाही विचार व्हावा. मधुमेह असलेल्या व्यावसायिक चालकाचा परवाना नूतनीकरणाला आला की पडद्याच्या तपासणीचा दाखला मागणे अवघड नाही. ती तपासणी सरकारी ठिकाणी मोफत असावी, एवढी अट मात्र हवी. नाहीतर दाखले विकण्याचे आणखी एक दुकान उघडेल.

वाचकांसाठी यातून निघणारा नियम छोटा आहे. प्रौढ वयात मधुमेह निघाला तर निदान झाले त्याच वर्षी पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दरवर्षी. लहान वयातील, इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहात पाच वर्षांनंतर दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणात दर तिमाहीत. रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस यांची तपासणी टाळू नये. डॉक्टरांना विचारावे, 'पडदा पाहिलात का?' ओसीटी हवी की नको, हे त्या उत्तरानंतर ठरते. आणि ओसीटी केली असेल तर तिचा कागद जपून ठेवावा, कारण पुढच्या वर्षीच्या चित्राशी तुलना करायला तो लागतो. एकट्या चित्रापेक्षा दोन चित्रांतला फरक जास्त सांगतो.

यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी चांगला कामगार माग थांबवतो, धागा जोडतो आणि मगच पुढे जातो, कारण तसेच पुढे गेले तर अख्खा ताका बाद होतो. पडद्यातला तुटका धागा दाखवणारे साधन विज्ञानाने तीन दशकांपूर्वीच हाती दिले आहे. वळच्या चालकाला ते साधन मिळेल का, हे आता विज्ञानावर अवलंबून नाही. ते आरोग्य खात्याचे अंदाजपत्रक, गोदाममालकांची हजेरीवही आणि पाळी सुटल्यावर फाटकावर उभा राहणारा एक कॅमेरा यांवर अवलंबून आहे.